आज यंत्र सुरू होणार नाही!

कोल्हापूर थंड होऊ लागले आहे. पंचगंगेवरचा वारा वाढला म्हणून नव्हे, किंवा रंकाळ्याकाठची झाडी दाटली म्हणूनही नव्हे. शहरातील प्रत्येक नव्या इमारतीच्या गच्चीवर शीतयंत्रांच्या रांगा लागत आहेत म्हणून. १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन येथे झाले आणि सहा जिल्ह्यांचा न्यायव्यवहार करवीरनगरीत आला. त्याच्यामागोमाग वकिलांच्या कचेऱ्या आणि पक्षकारांसाठी हॉटेले येणे ओघानेच आले. शेंडा पार्कात ११०० खाटांचे रुग्णालय उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, त्यांच्याच नावाचे नाट्यगृह आगीने गिळले. ते पुन्हा उभे करण्याचा संकल्पही या नगरीने सोडला आहे. या साऱ्या वास्तूंत वातानुकूलनाची यंत्रणा असणार, हे आता कोणी सांगावे लागत नाही.

यंत्रणा कोणत्या कंपनीची आणि किती टनांची, याची चर्चा पुष्कळ होते. कोनशिलेच्या समारंभात तिचा उल्लेख होतो, निविदेत तिचे वर्णन चार पाने व्यापते. परंतु ती यंत्रणा बसविणाऱ्या, आणि बसविल्यावर पुढे पंधरा वर्षे ती सांभाळणाऱ्या कारागिरांच्या टोळीविषयी, आणि विशेषतः त्या टोळीच्या प्रमुखाविषयी, कोणी चकार शब्द काढीत नाही. धंद्यात त्याला सुपरवायझर म्हणतात. हाताखालची पोरे त्याला मिस्त्री म्हणतात. या माणसासाठी पहिल्या पानावरची जागा खर्ची घालण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण एवढेच, की रुग्णालयातील अर्भकापासून घरात येणाऱ्या दुधापर्यंत आपण ज्या ज्या गोष्टी सुरक्षित मानतो, त्यांतील कित्येकींची सुरक्षितता या माणसाच्या एका ‘नाही’वर अवलंबून असते, आणि तो ‘नाही’ उच्चारण्याचा अधिकार आपण त्याला अद्याप दिलेला नाही.

टोळीप्रमुखाचा दिवस

एप्रिल महिन्यातील एखादी दुपार डोळ्यांसमोर आणावी. सावलीत पारा अडतीसच्या पुढे गेलेला आहे. चार मजली इमारतीच्या गच्चीवर, जेथे पत्रा आणि सिमेंट दोन्ही भाजून निघतात, तेथे चार-पाच पोरे काम करीत आहेत. खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकणे हेच शीतयंत्राचे कार्य. तेव्हा आतल्या लोकांना लाभणाऱ्या गारव्याची सारी झळ या पोरांच्या अंगावर येते. एक जण तांब्याच्या नळीला ब्रेझिंग करतो आहे, एक जण विजेच्या जोडण्या सोडवितो आहे, एक जण कठड्याबाहेर झुकून आउटडोअर यंत्राचे नटबोल्ट पाहतो आहे. खाली मॅनेजर दर दहा मिनिटांनी फोन करतो आहे: “किती वेळ? गिऱ्हाइकं उठून चाललीत!” आणि या साऱ्यांच्या मध्ये सुपरवायझर उभा आहे.

त्याने काय काय पाहावयाचे असते? कठड्याबाहेर झुकलेल्या पोराच्या कमरेला पट्टा आहे की नाही. विजेचे मुख्य बटण नुसते बंद केले आहे, की त्याला कुलूप घालून पाटी लावली आहे. कारण खालच्या मजल्यावरील एखाद्या अनभिज्ञ माणसाने ते सहज वर केले, तर वर एक जीव जातो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो, हे नवख्याला ठाऊक आहे की नाही. परंतु सर्वांत मोठी गोष्ट नळकांड्यांची. नळीत कोठे गळती आहे का, हे पाहण्यासाठी तीत नायट्रोजनचा दाब भरावा लागतो. ब्रेझिंगसाठी आणलेले ऑक्सिजनचे नळकांडे जवळच उभे असते. नायट्रोजन संपलेला, गोदाम दूर, मॅनेजरचा फोन वाजतो आहे. अशा वेळी समोरचा ऑक्सिजनच वापरण्याचा मोह पोराला होतो. कॉम्प्रेसरमध्ये तेल असते. तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन आला, की यंत्राचा बाँब होतो. त्या क्षणी जो माणूस पुढे होऊन म्हणतो, “हात लावू नकोस. नायट्रोजन येईपर्यंत आज यंत्र सुरू होणार नाही,” तो खरा सुपरवायझर. बाकीची देखरेख कोणीही करील.

गच्चीवरचा हा धोका गच्चीपुरता राहत नाही. १७ ऑगस्ट २०२४ रोजी दिल्लीच्या करोलबाग भागात वरच्या मजल्यावरून शीतयंत्राचा बाहेरचा भाग कोसळला आणि खाली स्कूटरवर बसलेला अठरा वर्षांचा एक तरुण प्राणास मुकला. रस्त्यावरून जाणाऱ्या त्या मुलाचा त्या यंत्राशी संबंध काय? परंतु भिंतीत रोवलेली ब्रॅकेट गंजली आहे की नाही हे पाहणारे डोळे आणि माझी-तुमची मुले यांच्यामधले अंतर किती थोडे आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

दूध थांबत नाही

हा विषय केवळ हॉटेले आणि कचेऱ्या यांच्या चैनीचा आहे, असे कोणी मानू नये. कोल्हापूर जिल्ह्याचे अर्थकारण ऊस आणि दूध या दोन पायांवर उभे आहे, आणि त्यांतील दुधाचा पाय थंडाव्यावर टेकलेला आहे. म्हशीच्या आचळांतून निघणारे दूध सदतीस अंशांच्या आसपास उष्ण असते. त्या उष्णतेत जंतूंची वाढ झपाट्याने होते. म्हणून ते शक्य तितक्या लवकर चार अंशांपर्यंत उतरवावे लागते. पुढे ते बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवून पुन्हा चार अंशांवर आणावयाचे, याचे नाव पाश्चरीकरण. म्हणजे एकाच छपराखाली बॉयलरची वाफ आणि शीतगृहाचा गारठा शेजारी शेजारी नांदतात. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघाने बिद्री, लिंगनूर यांसारख्या ठिकाणी शीतकरण केंद्रे उभारली ती याचसाठी. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा दुधाची काय दैना झाली, हे जिल्ह्यातील प्रत्येक उत्पादक जाणतो. ऊस काही तास थांबतो. दूध थांबत नाही.

मोठ्या दुग्धालयांत व शीतगृहांत थंडावा निर्माण करणारा पदार्थ बहुधा अमोनिया असतो. तो स्वस्त आहे, कार्यक्षम आहे, ओझोनच्या थराला अपाय करीत नाही. परंतु तो विषारी आहे. उणे तेहतीस अंशांनाच तो उकळतो. नळीतून निसटला की क्षणार्धात वायू होऊन डोळे, घसा आणि फुप्फुसे जाळतो. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे तीनशे भाग झाले, तरी मनुष्यप्राण्याच्या जीवितास तत्काळ धोका उत्पन्न होतो. अशा यंत्रणेतून साचलेले तेल काढणे हे नित्याचे काम. परंतु ते करताना झडप उघडी सोडून एक मिनिट दूर जाणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. मुखवटे कोठे आहेत, वारा कोणत्या दिशेचा आहे, पळावयाचे झाल्यास कोणत्या दाराने, हे रोज सकाळी आपल्या माणसांकडून वदवून घेणारा प्रमुख तेथे हवा. आम्ही आयुष्याची काही वर्षे शाळामास्तरकीत घालविली आहेत. पाढे रोज म्हणवून घेतले, तरच ते अडचणीच्या वेळी तोंडात येतात, हा आमचा अनुभव आहे.

दोन राती, दोन यंत्रे

आता महाराष्ट्राने २०२१ साली जे भोगले त्याचे स्मरण करणे प्राप्त आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा अर्भके गेली. बाळांना ऊब देणाऱ्या यंत्राच्या विद्युतभागात त्या आगीचा उगम असल्याचे चौकशीअंती सांगण्यात आले. त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे विरार येथील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग भडकली; किमान तेरा रुग्ण दगावले. ती आग वातानुकूलन यंत्रातून सुरू झाल्याचे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले. एक यंत्र ऊब देण्यासाठी, दुसरे गारवा देण्यासाठी. दोन्ही रुग्णाच्या जिवासाठी बसविलेली, आणि दोन्ही ठिकाणी तीच काळ ठरली.

अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी समिती बसते, निलंबने होतात, सर्व रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश सुटतात. आगीनंतर तपासणी करणारे पुष्कळ मिळतात. आगीपूर्वी, एखाद्या सामान्य मंगळवारी, यंत्राच्या आवाजातील किंचित फरक ऐकून अथवा तारेला लागलेला काळसर डाग पाहून ते बंद करण्याची आज्ञा देऊ शकेल असा माणूस तेथे होता काय, आणि असल्यास त्याचे ऐकण्याची कोणावर सक्ती होती काय, हा प्रश्न मात्र कागदावर येत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

ही उणीव कशामुळे राहते, हे उघड आहे. सार्वजनिक इमारतींतील देखभालीचे काम वार्षिक कराराने दिले जाते आणि निविदेत बहुधा सर्वांत कमी दराचा विजय होतो. दर कमी करावयाचा तर काय कमी करावयाचे? यंत्रे तेवढीच आहेत, वीज तेवढीच लागते. कमी होतो तो माणसांचा वेळ. ज्या टोळीने दिवसाला तीन ठिकाणे पाहावयाची, ती आठ ठिकाणे ‘करते’. सहा माणसांच्या जागी चार येतात, आणि त्यांतील दोघे गेल्याच आठवड्यात कामास लागलेले असतात. यंत्र बंद ठेवल्यास कंत्राटदाराला दंड. यंत्र धोक्यात चालविल्यास, काही घडेपर्यंत, कोणालाच काही नाही. अशा हिशेबात सुपरवायझरची जीभ कशी उचलावी?

मग उरते ती कागदी देखभाल. यंत्राशेजारी लटकविलेल्या तक्त्यावर दर आठवड्याच्या नोंदी असतात: दाब ठीक, तापमान ठीक, जोडण्या ठीक, सही. महिनाअखेर एकाच बैठकीत, एकाच शाईने भरलेले हजेरीपत्रक ओळखण्यास आम्हांस शाळेत फार वेळ लागत नसे; तीस दिवसांची अक्षरे एकाच दिवसासारखी दिसतात. गावातील कोणत्याही मोठ्या इमारतीतला असा एखादा तक्ता वाचकांनी सहज निरखून पाहावा. बावन्न आठवड्यांत एकदाही जेथे आकडा हललेला नाही, तेथे यंत्र निर्दोष आहे असे समजू नये. तेथे कोणी आलेच नाही असे समजावे.

दोष एकट्या मालकांचा नव्हे

आम्ही एकाच बाजूने बोलत आहोत असा आक्षेप येईल, म्हणून दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. या धंद्यात अप्रामाणिक माणसे नाहीत असे नव्हे. “गॅस संपला आहे,” हे वाक्य प्रत्येक उन्हाळ्यात घरोघर ऐकू येते. वस्तुतः शीतयंत्रातील गॅस मोटारीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर गळला आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणारा कारागीर भोके बुजविण्याऐवजी गळक्या घागरीत पाणी ओतीत असतो, आणि प्रत्येक खेपेचे पैसे घेतो. अशा कारागिराला जाब विचारणारा पहिला माणूस त्याचा सुपरवायझर असावयास हवा.

यात केवळ गिऱ्हाइकाचे नुकसान नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो जगातून हद्दपार होत आहे. भारतात त्याची मुदत २०३० साली संपत येते. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी. परंतु पृथ्वीचे तापमान वाढविण्याच्या बाबतीत त्याचा एक किलो कर्बवायूच्या सुमारे दोन हजार किलोंइतका. आता येत असलेला आर-३२ त्याहून सौम्य, पण किंचित ज्वालाग्राही. आणि आर-२९० म्हणजे तर प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. म्हणजे जे वायू पृथ्वीला जितके हितकर, ते कारागिराच्या हातात तितकेच अधिक जपून हाताळावयाचे. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लक्ष दुरुस्ती कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते, ते याच जाणिवेतून. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील या विषयाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. परंतु प्रशिक्षित पोरगा आणि अप्रशिक्षित पोरगा यांत निविदा भेद करीत नाही, गिऱ्हाईकही करीत नाही. मग शिकावे कोणी आणि कशासाठी?

गिऱ्हाईक म्हणजे कोण? तुम्ही-आम्हीच. यंत्र विकत घेताना आपण तारांकन पाहतो, हप्ते पाहतो. बसविणाऱ्याला मात्र दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. “आजच्या आज झाले पाहिजे,” असा हुकूम सोडतो. कारागीर म्हणाला, “कठड्यापलीकडे जायला पट्टा आणावा लागेल, उद्या येतो,” तर आपण दुसऱ्याला फोन लावतो. त्या दुसऱ्याला आपण काय सांगितले? पट्ट्याशिवाय चढ, असेच सांगितले. आपल्या मध्यमवर्गाला हे कठोर वाटेल. पण ते खरे आहे.

कायदा या पोरांच्या मदतीला धावतो काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. परंतु कामाच्या ठिकाणची सुरक्षितता पाहणाऱ्या संहितेतील कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण पन्नास वा अधिक कंत्राटी कामगार असलेल्यांनाच लागू होते. गच्चीवर चढणारी टोळी पाच-सहा जणांची. कायद्याच्या जाळ्याची भोके या माशांहून मोठी आहेत. तेव्हा दिल्लीकडे डोळे लावून न बसता कोल्हापूरने आपल्यापुरता मार्ग काढला पाहिजे, आणि तो काढण्यास हे शहर समर्थ आहे.

वस्तादाचा शब्द

कारण अधिकारी माणसाचा शब्द मानण्याची परंपरा या मातीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, त्या मैदानाने एक गोष्ट महाराष्ट्राला शिकविली: तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा. पठ्ठा कितीही ताकदीचा असो, जमलेले लोक कितीही ओरडोत, “आज हा उतरणार नाही,” असे वस्तादाने म्हटले की तेथे जहागिरदाराचेही चालत नाही. कारण वस्ताद पठ्ठ्याचे शरीर जाणतो, प्रेक्षक जाणत नाहीत. उद्यमनगरातील फौंड्र्यांतही तीच रीत. भट्टीतील रस ओतावयाचा की थांबावयाचे, हे मालकाचे घड्याळ ठरवीत नाही. रसाचा रंग ओळखणारा मिस्त्री ठरवितो. जो मान आपण कुस्तीला दिला, ओतकामाला दिला, तो रुग्णालयाच्या गच्चीवरील यंत्राला का देऊ नये?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. महापालिका, जिल्हा प्रशासन, दूध संघ व न्यायालयीन इमारतींचे व्यवस्थापन यांनी आपल्या देखभाल करारांत सुपरवायझरचे नाव व पात्रता लिहून घ्यावी. धोका दिसल्यास यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार त्याला करारातच द्यावा आणि त्या बंदीबद्दल कंत्राटदाराला दंड होणार नाही, असेही त्यात नमूद करावे. रुग्णालयांत अशा वेळी रुग्ण हलवावयाचे कोठे, याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी. म्हणजे ‘बंद कसे करणार?’ या सबबीला जागा उरणार नाही. निविदा तोलताना दराबरोबर प्रशिक्षित माणसांचे तास तोलावेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत, द्यावा लागतो. तीच सहामाही शिस्त सार्वजनिक इमारतींतील वातानुकूलन व उष्णता यंत्रणांनाही लावावी. आणि तक्ता दाराच्या बाहेर, लोकांच्या नजरेसमोर टांगावा.

यासाठी खर्च येईल, हे आम्ही नाकारीत नाही. चांगल्या माणसाचा वेळ फुकट मिळत नाही. परंतु त्या खर्चाची तुलना स्वस्त निविदेशी करणे चुकीचे आहे. भंडाऱ्याच्या त्या दहा घरांशी ती करावयास हवी.

शेंडा पार्कातील रुग्णालय अद्याप उभे राहावयाचे आहे. नाट्यगृहाची यंत्रणा नव्याने बसावयाची आहे. म्हणजे योग्य रीत घालून देण्याची संधी अजून कोल्हापूरच्या हाती आहे. एक दिवस त्या नाट्यगृहात प्रयोगाची तिसरी घंटा होण्यापूर्वी एखादा सुपरवायझर व्यवस्थापकाकडे येऊन सांगेल: “साहेब, तार तापते आहे. आज यंत्र सुरू होणार नाही.” त्या दिवशी प्रेक्षागारात उकाडा होईल, लोक कपाळाचा घाम पुसतील, काही जण कुरकुरतीलही. व्यवस्थापकाने त्या माणसाचे ऐकले असेल, तर या नगरीने भंडारा-विरारपासून काही धडा घेतला असे आम्ही म्हणू. उकाड्यातला तो प्रयोग पाहून घरी सुखरूप परतणाऱ्या प्रेक्षकांना कदाचित कळणारही नाही, की आपण कोणाचे ऋणी आहोत.